खेळातला कप्तान चारचौघांत मुका का?

रात्रीचे दहा वाजलेले असतात. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या आमच्या गल्लीत जेवणे उरकलेली असतात. बाया दारात बसून जीन्सच्या पॅन्टींचे धागे कापत असतात. तेवढ्यात जिन्याच्या पायरीवरून एक खणखणीत आवाज येतो, "दो जण लेफ्ट से जाओ! तू रुक, गोली वेस्ट मत कर. पहले उसको उठाओ, मैं देखता हूँ!"

हा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला, तेव्हा बाहेरचा कोणी मुलगा आला असेल असेच वाटले. डोकावून पाहिले तर आमच्या शेजारचा, बारावी झालेला मुलगा. कानात इयरफोन, हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर सेनापतीचा रुबाब! याच मुलाची आई आदल्याच दिवशी आमच्याकडे डोळ्यांत पाणी आणून सांगत होती, "याच्या तोंडाला कुलूप आहे हो. गजानन मार्केटात कपड्याच्या दुकानात माणूस पाहिजे होता, म्हणून याला पाठवला. शेठने तीन प्रश्न विचारले आणि हा पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा. शेठ म्हणाला, मुका माणूस काउंटरवर काय करणार?"

वाचकहो, रात्री चौघांना हुकूम देणारा खरा, की सकाळी अंगठ्याकडे बघणारा खरा? आमच्या मते दोघेही खरेच. प्रश्न एवढाच आहे, की रात्रीच्या मुलाला सकाळी कसे उठवायचे?

हा खेळ आहे तरी काय?

"मोबाईलमध्ये डोके घालून बसतो" यापलीकडे पुष्कळ आईबापांना या खेळाची माहिती नसते. म्हणून थोडक्यात सांगतो. 'बीजीएमआय' हा या जातीचा आपल्याकडे नावाजलेला खेळ. सुमारे १०० खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. शस्त्रे, औषधे शोधायची, लढायचे आणि शेवटपर्यंत टिकायचे. टिकून राहण्याचे वर्तुळ दर थोड्या वेळाने आकसत जाते, त्यामुळे एका जागी लपून भागत नाही. चौघांचा संघ करून खेळता येते आणि माईकवर एकमेकांशी बोलता येते. एक डाव साधारण अर्ध्या तासात निकाली निघतो.

चौघांतला एक जण पुढारीपण करतो. मुले त्याला 'आयजीएल' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत कप्तान. कुठे उतरायचे हे तो ठरवतो. कोणी लांबून नेम धरायचा, कोणी पुढे घुसायचे, कोणी मागे लक्ष ठेवायचे, ही कामे तो ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे वाटून देतो. बोलणे दोन-चार शब्दांत आणि स्पष्ट असावे लागते, कारण चौघे एकदम ओरडले तर कोणालाच काही ऐकू येत नाही. साथीदार घायाळ होऊन पडला तर त्याला उचलायचे, की आधी शत्रूकडे बघायचे, हे त्याला दोन सेकंदांत ठरवावे लागते. स्वतःकडे मलमपट्टीचे सामान जास्त असेल तर ते दुसऱ्याला द्यावे लागते. आणि हरल्यावर "माझी चूक झाली, परत खेळू" असे म्हणणारा कप्तानच संघ टिकवतो. सारखा दुसऱ्यावर खेकसणाऱ्याबरोबर दुसऱ्या दिवशी कोणी खेळायला येत नाही.

आता सांगा, कामे वाटून देणे, मोजके बोलणे, पडलेल्याला उचलणे, चूक कबूल करणे, यातला कोणता गुण कारखान्यात, दुकानात किंवा वस्तीच्या कामात नको असतो? आमच्या पिढीत कबड्डीच्या कप्तानाकडून हेच गुण शिकायला मिळत. मैदाने आक्रसली, मोबाईल स्वस्त झाले आणि २०१६ नंतर इंटरनेटही स्वस्त झाले. पोरे मैदानातून जिन्यावर आली, एवढेच.

जगाने काय पाहिले?

हे आमचेच म्हणणे आहे असे नाही. २००४ साली अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा संगणकावरचा खेळ आला. त्यात मोठ्या मोहिमांना चाळीस-चाळीस जणांचा संघ लागे. अशाच एका खेळाडू-संघाचा प्रमुख असलेला स्टीफन जिलेट पुढे 'याहू' या मोठ्या कंपनीत वरिष्ठ पदावर गेला. माणसे गोळा करणे, नवख्यांना शिकवणे, भांडणे मिटवणे हा खेळातला अनुभव त्याला नोकरीत कसा उपयोगी पडला, यावर २००६ साली 'वायर्ड' मासिकात लेख आला होता. पुढे २००८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवस्थापनविषयक मासिकात बायरन रीव्ह्ज, थॉमस मॅलोन आणि टोनी ओड्रिस्कॉल या तिघा अभ्यासकांनी अशा खेळांतल्या नेतृत्वावर लिहिले.

त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. खेळात पुढारीपण कोणाच्या कायमच्या मालकीचे नसते. एका मोहिमेचा कप्तान दुसऱ्या मोहिमेत साधा शिपाई असतो. सगळी माहिती सगळ्यांच्या पडद्यावर असते आणि कामाचे फळ लगेच दिसते. अशी परिस्थिती मिळाली की साधा माणूसही पुढारीपण करू शकतो. म्हणजे पुढारी जन्मावा लागत नाही. त्याला संधी द्यावी लागते. ज्यांच्या आजा-पणजांना चावडीवर तोंड उघडायची मुभा नव्हती, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शेजारच्या मुलाला आम्ही विचारले, "तिथे एवढा बोलतोस, मग दुकानात काय झाले?" तो म्हणाला, "काका, तिथं कोणी आडनाव विचारत नाही. कुठं राहतो, बाप काय करतो, इंग्रजी येतं का, काहीच नाही. आणि हरलो तरी अर्ध्या तासात दुसरा डाव."

त्या उत्तराने आम्ही अंतर्मुख झालो. आमची मुले मुखदुर्बळ नाहीत. समोरचा आपल्याला तोलतो आहे असे वाटले की त्यांचा आवाज बसतो. पडद्याआड तराजू नसतो, म्हणून आवाज मोकळा होतो. तेव्हा खेळात दिसतो तो गुण मुलाचा स्वतःचाच असतो. खेळ फक्त त्याला जागा देतो.

पण इथे 'म्यूट' नाही

मात्र खेळातला धीटपणा आपोआप बाहेर येतो, असे मानणे ही मोठी चूक ठरेल. आमचाच अनुभव सांगतो.

१४ एप्रिल २०२५ रोजी जयंतीच्या मिरवणुकीसाठी गल्लीने सरबताचे टेबल मांडायचे ठरवले. आम्ही सुचवले, की हे काम या मुलाकडे द्यावे. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, पण मान्य केले. मुलाने खेळातल्यासारखेच चार जणांना वाटून दिले: एकाकडे बर्फ आणि पाण्याचे कॅन, दोघांकडे ग्लास भरणे, एकाकडे उष्टे ग्लास गोळा करणे. पहिला तास झकास गेला. मग ग्लास उचलणारा रुसला, "मीच का उचलायचे?" म्हणून निघून गेला. त्यातच एका वृद्ध काकांनी चारचौघांत सुनावले, "टेबल चुकीच्या बाजूला लावलेय, अक्कल नाही!" मुलगा काही न बोलता उठला आणि जिन्यावर मोबाईल घेऊन बसला.

आम्ही जवळ गेलो. तो म्हणाला, "गेममध्ये असते तर दोघांना म्यूट केलं असतं."

आम्ही विचारले, "आणि गेममध्ये साथीदार रागाने एकटाच निघून गेला तर?"

"मग त्याच्या मागं जावं लागतं. नाहीतर तो मरतो आणि आपण तिघंच उरतो."

एवढे बोलून तो स्वतःच थांबला. उठला, रुसलेल्या मित्राला शोधून आणले, त्याला ग्लास भरायला बसवले आणि उष्टे ग्लास स्वतः उचलू लागला. मग काकांपुढे जाऊन म्हणाला, "जयभीम काका. सांगा, कुठं लावू टेबल?" काकांचे म्हणणे बरोबरच होते, पलीकडे सावली होती. टेबल हलले. मिरवणूक सरेपर्यंत कोणाचे भांडण झाले नाही.

खेळात नको त्याचा आवाज बंद करता येतो, मधेच सोडून जाता येते, चेहरा दाखवावा लागत नाही. चार माणसांत यातले काहीच करता येत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणे, वयाने मोठ्या माणसाचे ऐकून घेणे आणि तरीही आपले काम न सोडणे, हा सराव मोबाईल देत नाही. तो घराने, गल्लीने, वस्तीने द्यायचा असतो. खेळ बी पेरतो असे म्हटले तर पाणी आपल्यालाच घालायचे आहे.

चमत्कार झाला असे आम्ही म्हणत नाही. हा मुलगा अजूनही इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे अडखळतो. पण आता तो एका दुकानात काउंटरवर उभा असतो. तिथे मुलाखतीत "पूर्वी काय काम केलेस?" असे विचारल्यावर त्याने जयंतीचे टेबल कसे सांभाळले ते सांगितले होते. आईच्या तक्रारीचा विषय आता बदलला आहे. ती म्हणते, "हल्ली फार बोलतो!"

सावध राहा

खेळाची बाजू मांडताना धोके लपवणे बरे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत खेळाच्या व्यसनाची नोंद आहे. खेळावर ताबा राहत नाही, खाणे-झोपणे-शिकणे मागे पडते, नुकसान दिसत असूनही सुटत नाही आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा ते दुखणे समजावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोज दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नसतो. पण पहाटे तीनपर्यंत जागणाऱ्याला कप्तान म्हणून शाबासकी देण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्यात बंदी आहे आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धांना, मान्यता आहे. हा फरक आईबापांनी नीट समजून घ्यावा. पत्ते किंवा क्रिकेटच्या नावाखाली पैसे लावणे हा जुगारच. त्यातून आत्मविश्वास नव्हे, कर्ज वाढते. शिवाय साध्या खेळातही बंदुकीचे रंग आणि कपडे विकत घेण्याचा मोह असतो. आपल्या बँक खात्याचा पिन मुलाच्या हाती देऊ नका.

तिसरी गोष्ट, "मोठा खेळाडू होईन, लाखो कमवीन" हे स्वप्न. मुंबईच्या नमन माथूर ऊर्फ 'मॉर्टल' याच्या 'सोल' संघाने २०१९ साली पब्जीची देशपातळीवरची स्पर्धा जिंकली, हे खरे. पण त्याच पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने बंदी घातली. त्यानंतर २०२१ साली आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाला. ज्या मैदानाला असे रातोरात टाळे लागू शकते, त्याच्या भरवशावर शिक्षण सोडू नये. खेळ बंद झाला तरी मुलाजवळ उरतो तो गुण. तोच कमवायचा.

आणि मुलींचे काय? त्याही खेळतात, पण पुष्कळ जणी माईक बंद ठेवतात. बाईचा आवाज ऐकला की शिवीगाळ करणारे तिथेही आहेत. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातली पायल धारे ही तरुणी खेळ खेळत बोलता बोलता देशभर पोचली. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेटीला बोलावलेल्या सात खेळाडूंत ती एकटीच मुलगी होती. सातांत एक! आपल्या मुलीने ओळखीच्या मैत्रिणींचा संघ करून खेळावे आणि मोकळेपणाने हुकूम द्यावेत. भावाने तिला हसू नये.

पालकांनी काय करावे?

मोबाईल हिसकावण्याआधी एकदा मुलाशेजारी बसा आणि डाव बघा. संपल्यावर विचारा, "तू त्याला मागे का थांबवलेस?" तो सांगू लागेल. तेच त्याचे पहिले भाषण समजा. वेळ ठरवून द्या आणि अभ्यास झाल्यावरच डाव, असा नियम ठेवा. मुख्य म्हणजे महिन्याकाठी एक तरी खरे काम त्याच्या अंगावर सोपवा: विहारातल्या सतरंज्यांची व्यवस्था, रक्तदान शिबिराची नोंदवही, लहान मुलांचा कॅरमचा सामना, नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारीचा अर्ज. सोबत दोन-तीन मुले द्या. चुकला तर लोकांसमोर पाणउतारा करू नका, कारण खेळात त्याला दुसरा डाव मिळतो, तो इथेही मिळाला पाहिजे. आणि पुढच्या महिन्यात कप्तान बदला, म्हणजे गल्लीत एकाऐवजी दहा पुढारी तयार होतील.

आज रात्री दहा वाजता तुमच्याही जिन्यावरून असा आवाज आला, तर "बंद कर ते!" म्हणण्याआधी क्षणभर कान देऊन ऐका. तो आवाज आपल्याच लेकराचा आहे. उद्या त्याला उजेडात, चार माणसांसमोर बोलायची संधी कोण देणार, हे आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.