अल्पशक्ती विवर्धक व घरगुती ध्वनिक्षेपक यांची जुळणी

महत्तम शक्तिसंक्रमणाचा सिद्धांत शिकलेला विद्यार्थी विवर्धक व ध्वनिक्षेपक यांचे संरोध समान असावेत असे सहज धरून चालतो. ट्रँझिस्टरच्या विवर्धकास हे लागू नाही. त्याचा स्वतःचा संरोध ओहमच्या अल्पांशाइतकाच असतो व तो स्थिर विद्युत् दाबाच्या उगमाप्रमाणे वागतो. ध्वनिक्षेपकावर छापलेला ‘८ ओहम’ हा आकडाही नाममात्रच होय. कंप्रतेनुसार संरोध बराच बदलतो. तो किमान किती खाली उतरतो एवढे मात्र पाहावे, कारण तेथे विवर्धकास अधिक प्रवाह पुरवावा लागतो.

खरा निर्णय होतो तो संवेदनक्षमतेवर. १९७८ साली बाजारात आलेला एनएडी ३०२० हा विवर्धक ८ ओहमच्या भारात प्रत्येक बाजूस अवघे २० वॉट देई. २० वॉट म्हणजे १ वॉटाहून १३ डेसिबेल अधिक. बीबीसीने त्याच दशकात सिद्ध केलेला एलएस३/५ए हा चिमुकला ध्वनिक्षेपक २.८३ व्होल्ट दाबास (८ ओहममध्ये १ वॉट) १ मीटरवर सुमारे ८३ डेसिबेल देतो. त्यास या विवर्धकाने ९६ डेसिबेलपर्यंत नेता येते. श्रोता दूर बसला की त्यातूनही घट होते. एकल गायनास हे पुरेसे. वाद्यवृंदाच्या उत्कर्षबिंदूस नव्हे. तेथे तरंगांची शिखरे छाटली जातात व आवाज कर्कश होतो.

उलट ८९ डेसिबेलचा ध्वनिक्षेपक निवडल्यास तेच २० वॉट ८० वॉटांचे काम करतात. विवर्धकाची शक्ती दुप्पट करण्यास पैसे मोजावेत, तर पदरी पडतात केवळ ३ डेसिबेल!