तुमच्या पायरीला पाणी कितव्या फुटाला?

बोट चालवण्याचं प्रशिक्षण कसं होतं ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. कारण मधेच कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं. त्या विचारतात, ‘राजाराम बंधाऱ्यावर 36 फूट, 37 फूट असं रोज ऐकते. पण माझ्या पायरीला पाणी कितव्या फुटाला लागतं, ते कुणी का सांगत नाही?’ हा प्रश्न गेली कित्येक वर्षं माझ्याही डोक्यात ठाण मांडून आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण हे फूट म्हणजे नदीची खोली नव्हे. ती बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीची खूण. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45. दोन पट्ट्यांचा शून्य वेगळा, म्हणून ‘सांगलीला आपल्यापेक्षा दोन फूट जास्त’ अशी तुलना करू नये.

जलसंपदा विभाग आकडा देतो, जिल्हा प्रशासन आणि महापालिका त्यावरून हलतात. सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात जातात, चिखली-आंबेवाडीला गाव सोडायच्या सूचना जातात. एनडीआरएफच्या बोटी येतात, व्हाईट आर्मी या बचाव संस्थेचे स्वयंसेवक कामाला लागतात. यंत्रणेला तिचा फूट माहीत असतो. घराला मात्र स्वतःचा फूट माहीत नसतो, आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच होते.

त्यात कोल्हापूरचं पाणी फसवं. माणूस नदीच्या दिशेला बघत बसतो आणि पाणी जयंती नाल्यातून उलटं चढत मागच्या गल्लीत शिरतं. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीला विचारा. ऐन श्रावणात घरभर गणपती मांडलेले असतात आणि पाणी आलं की माणसांच्या आधी मूर्ती हलवायच्या असतात. टेम्पो मिळवायचा, उंचावरची जागा शोधायची, ओला रंग सांभाळायचा. म्हणून आकडा कानावर पडला की हात कधी चालवायचे, हे त्या गल्लीला कळतं. इतर घरांनाही हे जमायला हवं.

2019 च्या पुरात काय झालं? ‘2005 ला इथवर आलं नव्हतं’ म्हणून कितीतरी माणसं घरातच थांबली. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडे पाणी असताना शहर टँकरची वाट बघत बसलं. जुन्या पुराची आठवण ही सगळ्यात जवळची मोजपट्टी असते, पण ती त्या एका पुरापुरतीच खरी.

गावाकडे आणखी एक अडचण. गोठ्यात चार म्हशी असलेला माणूस नुसत्या सूचनेनं हलत नाही. निवारा केंद्रात माणसांसाठी जेवण आहे, पण जनावरांसाठी दावण आणि वैरण आहे का, हे तो आधी विचारतो. त्याला हटवादी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याचं घर दुधावर चालतं. ज्या संस्था चाऱ्याची सोय आधी करतात, त्यांचं पुढचं अर्धं काम बोटीशिवाय होतं.

तर ताई, तुमचा फूट काढायची रीत अशी. भिंतीवर 2019 किंवा 2021 च्या पाण्याची रेघ अजून दिसत असेल. नसेल तर शेजारच्या जुन्या माणसाला विचारून खूण करा. त्या रेघेपासून पायरीपर्यंतचं अंतर टेपनं मोजा आणि त्या पुराच्या सर्वोच्च आकड्यातून वजा करा. समजा पाणी 56 ला असताना रेघ पायरीच्या सहा फूट वर होती, तर तुमचा फूट साधारण 50. दोन्ही पुरांच्या रेघा मिळाल्या तर दोनदा काढा. उत्तरं थोडी वेगळी येतील, कारण पाणी सगळीकडे सारखं चढत नाही. लहान आकडा धरा आणि त्यातूनही तीन फूट वजा करून तो सामान बांधायचा आकडा ठरवा.

तो आकडा मीटरच्या पेटीवर ऑइल पेंटनं लिहा आणि गल्लीतल्या दहा घरांचेही आकडे काढून वॉर्ड कार्यालयात द्या. मलाही कळवा. पुढच्या आठवड्यात बोट नक्की.