इंजिनातली काजळी आणि घाटातली टकटक



आज पापड-लोणचं नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज बोलायचं आहे गाडीच्या इंजिनाबद्दल. थांबा, लगेच रेडिओ बंद करू नका! "हे आपलं काम नाही" असं म्हणून आम्हीही ते सोडून दिलं होतं, आणि ते आम्हाला १८,००० रुपयांना पडणार होतं.

आमच्या पठार भागातल्या गटांनी मिळून एक जुनी पेट्रोल व्हॅन घेतली आहे. गटातलीच एक ताई ती चालवते. पापड-मसाले भरून चंदनापुरी घाट उतरायचा, संगमनेरला माल द्यायचा आणि येताना डाळीची पोती, तेलाचे डबे घेऊन तोच घाट चढायचा. गेल्या उन्हाळ्यात चढावर गाडीतून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत, तसा. चढ संपला की आवाज बंद.

एका गॅरेजवाल्यानं गाडी नीट न बघताच सांगितलं, "इंजिन उघडावं लागेल, अठरा हजार धरा." गावात कुणी म्हणालं, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच होणार." ताईनं दोन दिवस गाडीला हात लावला नाही. आम्ही तर गटाच्या बचतीतून पैसे काढायचा ठराव लिहायला घेतला होता. मग एक म्हातारे मेकॅनिक काका भेटले. ते म्हणाले, "आधी आवाज कशाचा ते समजून घ्या, मग पैसे काढा."

तेच आज तुम्हाला सांगते.

पेट्रोलच्या इंजिनात सिलेंडर असतात. त्यात पिस्टन वरखाली होतो. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण आत येतं, पिस्टन ते दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टनला खाली ढकलतं. ही आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जायला हवी. बांधावरचं वाळलं गवत आपण एका बाजूनं पेटवतो, तशी. पण दुसऱ्या टोकाला आधीच निखारा पडलेला असेल तर? तिकडूनही भडका उडणार. इंजिनात असं झालं की आतला दाब एकदम वाढून धक्के बसतात. त्याचाच तो टकटक आवाज. याला मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात.

मग काजळीचा संबंध काय? चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, तशीच पिस्टनच्या माथ्यावर आणि व्हॉल्व्हवर कार्बनची खरपुडी धरते. तिचे दोन तोटे. एक, ती जागा खाते, त्यामुळे मिश्रण जास्त दाबलं जातं आणि जास्त तापतं. दुसरा, ती उष्णता धरून ठेवते. तिचा एखादा कण लाल झाला की तोच निखारा. असंच बरेच दिवस चाललं तर हेडचं गॅस्केट जातं, पिस्टनसुद्धा फुटतो. काही नव्या गाड्या आवाज ओळखून ठिणगीची वेळ आपोआप मागे घेतात. मग आवाज कमी होतो, पण गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते.

या आवाजानं जगभरच्या लोकांना छळलेलं आहे. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं एक द्रव्य घालून तो थांबवला. पण शिसं विषारी, लहान मुलांच्या मेंदूला फार घातक. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. म्हणून सांगते, आवाज गेला म्हणजे उपाय चांगला असं नसतं.

आता कान लावायला शिकू. चढावर किंवा ओझं असताना, गाडी तापल्यावर टकटक येते, ते नॉकिंग. गाडी उभी असतानाही सकाळी बारीक टिकटिक येत असेल, तर बहुधा ते व्हॉल्व्हचं सेटिंग. आणि खालून जड ठकठक येत असेल, तर बेअरिंग असू शकतं. तेव्हा गाडी चालवू नका. त्याला काजळी काढून काही उपयोग नाही. आणखी एक, ही सगळी माहिती पेट्रोल गाडीची आहे. डिझेलचा टेम्पो, ट्रॅक्टर यांची गोष्ट वेगळी.

उपाय स्वस्तापासून महागाकडे करत जायचे.

पहिला उपाय फुकटचा. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटायची नाही, वेळेवर खालचा गिअर टाकायचा. आमची चूक इथेच सापडली. "पेट्रोल वाचव, पेट्रोल वाचव" असं आम्हीच ताईच्या मागे लागलो होतो. म्हणून बिचारी चौथ्या गिअरमध्ये घाट चढवत होती. माल उतरवताना गाडी तशीच चालू, एरवी गावातल्या गावात छोट्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल पुरतं जळत नाही, आणि काजळी साठत जाते.

दुसरं, इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि एअर फिल्टर बघा. पाणी कमी असेल तर इंजिन जास्त तापतं आणि टकटक वाढते. पण गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, वाफेनं तोंड भाजतं. आमचा एअर फिल्टर धुळीनं इतका भरला होता की झटकला तर मूठभर माती निघाली.

तिसरं, पेट्रोल. बाटलीतलं सुटं पेट्रोल घेऊ नका. त्यात रॉकेल मिसळलेलं असेल तर नॉकिंग होणारच. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो, तो आपला हक्क आहे. नोझल पुसून पेट्रोलचा एक थेंब कागदावर टाका. दोन मिनिटांत तो उडून जायला हवा. खाली डाग राहिला तर भेसळीची शंका घ्या.

चौथं, प्लग काढून बघायला सांगा. त्याचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. काळं आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येऊन जळतंय. मग नुसती काजळी काढून भागत नाही. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील बघावे लागतात, नाहीतर काजळी पुन्हा धरते. आमचा प्लग कोरडा काळा निघाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला!

पाचवं, टाकीत घालायचं साफ करणारं औषध. बाटलीवर लिहिलेल्या मापानं आधी ते टाकीत घालायचं आणि वरून पेट्रोल भरायचं, म्हणजे ते नीट मिसळतं. मग गाडी मोकळ्या रस्त्यानं पुरती तापेपर्यंत चालवायची. औषध हळूहळू काम करतं, एका टाकीत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. हातमोजे घाला, आणि जवळ चूल किंवा विडी-काडी नको.

एवढ्यानंही थांबलं नाही तर सहावं, गॅरेजमध्ये प्लगच्या भोकातून औषध घालून काजळी सैल करतात. यात दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. प्लग परत बसवण्याआधी इंजिन फिरवून आतलं औषध बाहेर काढलं पाहिजे. नाहीतर पिस्टन त्या पाण्यासारख्या औषधावर आदळतो आणि आतला दांडा वाकतो. औषध ऑइलमध्ये झिरपतं, म्हणून नंतर इंजिन ऑइल बदललंच पाहिजे. काही जण चालू इंजिनात हवेच्या वाटेनं पाणी ओततात. ते करू देऊ नका, दांडा वाकायची भीती तिथेही आहेच.

हेड उघडून खरवडणं हा शेवटचा उपाय. कधीकधी तो लागतोही. तेव्हा लोखंडी पात्यानं खरवडू देऊ नका, ॲल्युमिनियमवर चरे पडतात. गॅस्केट नवीन घालायला सांगा आणि जुनं सामान मागून घ्या.

आमचं काय झालं? नवा फिल्टर, नवे प्लग आणि टाकीतलं औषध यांनी आवाज बराच कमी झाला. उरलेला प्लगच्या भोकातून साफ केल्यावर आणि ऑइल बदलल्यावर गेला. सगळं मिळून ३,२०० रुपये. लिहायला घेतलेला ठराव आम्ही खोडला, आणि बैठकीत सगळ्यांसमोर ताईची माफी मागितली. घाट कोणत्या गिअरमध्ये चढवायचा ते आता तीच ठरवते.

तुमच्या गटाची गाडी असेल तर तिची एक वही करा. पेट्रोल किती भरलं, किती किलोमीटर झाले, ऑइल आणि फिल्टर कधी बदलले, आवाज कधी आणि कुठे आला, एवढंच लिहा. गॅरेजमध्ये जाताना ती वही बरोबर न्या. वही उघडून "चढावर, गाडी तापल्यावर आवाज येतो" असं सांगितलं की समोरचा माणूस अठरा हजारांपासून बोलायला सुरुवात करत नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार!