पाणी नितळ आहे, म्हणून पिण्याजोगं आहे का?

पाण्याचं यंत्र विकायला आलेला माणूस स्वयंपाकघरात काचेचे दोन ग्लास मागून घेतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात यंत्रातून निघालेलं आरओचं पाणी. मग धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबतो. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तांबूस-हिरवट गाळ उठतो, वर फेस धरतो. आरओचं पाणी मात्र होतं तसंच राहतं. "बघा वहिनी, हे पाणी तुमची मुलं रोज पितात!" वहिनींच्या पोटात गोळा येतो आणि हप्त्यांवर यंत्र घरात येतं.

तो गाळ पाण्यात नव्हताच. तो कांड्यांमधून आला. पाण्यातून वीज वाहायला विरघळलेले क्षार लागतात. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून वीज वाहते, लोखंडी कांडी झिजते आणि तिचा गंज गाळ होऊन दिसू लागतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास उरलेले नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही, लोखंड झिजत नाही. त्याच आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बटण पुन्हा दाबायला सांगा. तेही पाणी तसंच घाण दिसू लागेल. म्हणजे या प्रयोगातून पाण्यात क्षार आहेत एवढंच कळतं. ते प्यायल्याने कुणी आजारी पडेल की नाही, हे त्यातून कळूच शकत नाही.

हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन लोखंडी खिळे, वायरचे दोन तुकडे आणि दोन ग्लास, एवढंच सामान लागतं. एका ग्लासात साधं आरओचं पाणी घ्यावं, दुसऱ्यात तेच पाणी मीठ घालून. पाच-दहा मिनिटांत खिळ्याभोवती तांबूस ढग जमू लागतो आणि मुलं स्वतःच विचारतात, "सर, घाण आली कुठून?" वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ते पाणी कुणी पिऊ नये आणि घरातल्या विजेवर हा प्रयोग कधीही करू नये. ज्या मुलीने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, तिच्या आईला पुढे कुणी असं फसवू शकणार नाही.

टीडीएस मीटरचं जवळपास तेच आहे. पेनाएवढं ते यंत्र पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२च्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असणं चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. पण जिवाणू, विषाणू या मीटरला दिसत नाहीत. पावसाळ्यात भरलेल्या डबक्याचा टीडीएस साठ-सत्तर येऊ शकतो, आणि तेच डबकं अख्ख्या वाडीला जुलाब लावू शकतं. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर दीड. ते ३ मिलिग्रॅम असलं, तरी मीटरवरच्या ४००च्या आकड्यात ते कुठे दिसणार? 'आमच्याकडे टीडीएस ऐंशीच आहे' असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नितळपणा आणि चव यांवरचा विश्वास त्याहून जुना आहे. १८५४मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरं नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्या भागापासून कित्येक किलोमीटर दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाईही त्याच साथीत गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ते पाणी ती मुद्दाम मागवून घेत असे. कॉलरा, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू पाण्याला रंग, वास, चव काहीच देत नाहीत. जिभेवर विसंबायचं ते फार तर खारटपणापुरतं.

नळाचं पाणी तपासलेलंच असतं, हाही अर्धाच खरा विश्वास. जलशुद्धीकरण केंद्रातून ते बहुधा चांगलं निघतं. खरी अडचण पुढच्या नळवाहिनीत असते. आपल्याकडे पाणी दिवसातून तास-दोन तास सुटतं, कुठे चार दिवसांआड. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होते, आतला दाब उतरतो आणि शेजारच्या गटाराचं पाणी फुटक्या जोडातून आत ओढलं जातं. त्यातच कुणी नळाला थेट मोटर लावली की हे ओढणं कितीतरी पटीने वाढतं. मोटर लावणाऱ्याला वाटतं आपण पाणी ओढतोय, पण गल्लीतल्या सगळ्यांसाठी तो गटारही ओढत असतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. अशा साथींच्या मुळाशी पुष्कळदा सांडपाण्याजवळून गेलेली गळकी वाहिनीच निघते. म्हणून पाणी सुटल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये आणि नळाला मोटर लावू नये, लावू देऊ नये.

या सगळ्यावर रोज कामी येणारा उपाय म्हणजे टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, आणि गावागावांत लोक तिच्यावरच रागावलेले असतात. 'पाण्याला औषधाचा वास येतोय' म्हणून हंडा ओतून देतात आणि शेतातल्या उघड्या विहिरीचं पाणी आणतात. हलका क्लोरीनचा वास म्हणजे त्या पाण्यात जंतू मारणारं काहीतरी अजून शिल्लक आहे. मानक सांगतं, ग्राहकाच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरला पाहिजे. गावातलं पाणी शुद्ध करण्याचं काम सांभाळणाऱ्या जलसुरक्षकाची ओटी टेस्ट तेवढ्यासाठीच असते. नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग आलाच नाही, तर त्या दिवशी शुद्धीकरण झालेलं नाही किंवा क्लोरीन वाटेतच खर्ची पडला आहे. क्लोरीनमुळे काही नको असलेली संयुगं तयार होतात हे खरं आहे, पण जंतू न मारण्याचा धोका त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट मत आहे.

टीसीएल टाकलं की लगेच पाणी प्यायला हरकत नाही, हे मात्र चूक. क्लोरीनला आपलं काम करायला निदान अर्धा तास लागतो. पाणी गढूळ असेल तर तो गाळावरच खर्च होतो. म्हणून आधी पाणी निवळवून, गाळून घ्यावं. आणि ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेली, दमट झालेली टीसीएलची गोणी पहिल्याइतकी कामाची उरत नाही. मोजून टाकलेली पावडरही मग कमी पडते. हे सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पाणी उकळलं की सगळं गेलं, असं घराघरात समजतात. जंतूंपुरतं ते खरं आहे. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर ठेवलं तरी पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पण फ्लोराइड आणि नायट्रेट वाफेबरोबर जात नाहीत. लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाच लिटर पाणी उकळून चार लिटर उरलं, तर लिटरला अडीच मिलिग्रॅम होतं. हे गणित सहावीच्या मुलांना फळ्यावर सोडवायला द्यावं, ते विसरत नाहीत. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत.

आपल्या राज्यासाठी सर्वांत महागात पडणारा गैरसमज बोअरचा आहे. 'दोनशे फुटांवरून येतं, काय होणार त्याला?' जमिनीत खोल मुरताना पाणी गाळलं जातं, जंतू पुष्कळ कमी होतात, हे बरोबर. पण खडकाच्या सहवासात ते खडकातलं काहीबाही विरघळवूनही घेतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत ते फ्लोराइड असतं. मुलांचे कायमचे दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, असं पाणी पोटात गेलं तर दात डागाळलेलेच उगवतात. ते डाग घासून जात नाहीत, आणि शिक्षकांनी 'दात घासत नाहीस का?' म्हणून त्या पोरांना रागावू नये. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर हाडं, सांधे धरतात. यावर उपाय आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत चुना आणि तुरटी मोजून घालून फ्लोराइड कमी करतात. आरओही इथे खरोखर उपयोगाचं आहे. मात्र सर्वांत चांगला उपाय म्हणजे पिण्यासाठी दुसरा, तपासलेला स्रोत.

नायट्रेट वरून येतं, रासायनिक खतांतून, उकिरड्यातून, शौचालयाच्या शोषखड्ड्यातून. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि यात मानक कोणतीही सूट देत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं नायट्रेटसाठी आली आहेत. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला हे पाणी घातक ठरू शकतं, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि अंग निळसर पडू लागतं. दुधाची भुकटी कालवण्यासाठी असं पाणी उकळलं की त्यातलं नायट्रेट आणखी घट्ट होतं. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान पन्नास फुटांवर असावा, असं सांगतात. आपल्या काळ्या पाषाणात मात्र पाणी भेगांमधून धावतं, म्हणून तेवढं अंतर पाळूनही तपासणी टळत नाही.

तांब्याच्या भांड्याबद्दल लोक एकतर सगळंच मानतात किंवा सगळंच उडवून लावतात. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू नष्ट झाल्याचं दिसलं. पण रात्री भरून सकाळी प्यायलं तर इतके तास होत नाहीत, आणि फ्लोराइड, नायट्रेटवर तांब्याचा काही इलाज चालत नाही.

आणि जारचं पाणी! थंड आहे, महाग आहे, म्हणून ते शुद्ध असेल असं लग्नकार्यात सगळेच धरून चालतात. सीलबंद पाण्यासाठी आयएस १४५४३ हे वेगळं मानक आहे, पण झाकण उघडून भरलेल्या, सील नसलेल्या थंड जारवर ना त्या मानकाची खूण असते, ना तपासणीची तारीख.

शाळेकडे येऊ. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या किमान पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. तो संच आपल्या गावात कुणाकडे आहे, हे शिक्षकांनी शोधावं आणि त्या ताईंनाच वर्गात बोलवावं. त्यात एचटूएस बाटली असते. १९८२ साली भारतीय संशोधकांनी मांडलेली ही साधी चाचणी आहे. खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणारे जिवाणू असण्याची दाट शक्यता. मुलांना तीन बाटल्या भरायला लावा. एक थेट नळाखाली धरून, एक शाळेच्या टाकीतून, एक वर्गातल्या माठातून. नळाची बाटली जशीच्या तशी राहिली आणि माठाची काळी झाली, तर पेला बुडवणाऱ्या हातांबद्दल व्याख्यान देण्याची गरजच पडत नाही. ओगराळं किंवा तोटीचा माठ कशासाठी, ते मुलं आपणहून सांगतात. काळ्या झालेल्या बाटलीत जिवंत जंतू असतात, म्हणून तिच्यात ब्लीचिंग टाकून मोठ्यांनीच ती निकालात काढावी. ओटीचं द्रावणही मुलांच्या हाती देऊ नये.

एक गोष्ट मात्र मुलांना नक्की सांगा. एचटूएस बाटली फ्लोराइडबद्दल काही सांगत नाही, ओटी टेस्ट नायट्रेटबद्दल सांगत नाही, टीडीएस मीटर जंतूंबद्दल सांगत नाही. आपल्या राज्यात दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तेही स्रोताभोवतीची स्वच्छता आणि शुद्धीकरणाची व्यवस्था पाहून दिलेलं असतं. हिरवं कार्ड मिळालेल्या गावाच्या बोअरमध्ये फ्लोराइड असू शकतं. कोणताही निकाल हाती आला की 'ही चाचणी नेमकं काय तपासते?' हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, तर विज्ञानाच्या तासाचं सार्थक झालं.

प्रत्येक सार्वजनिक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हायला हवी. तिचा अहवाल मागण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा हे दोन्ही अहवाल मागून घ्या, त्यातले फ्लोराइड आणि नायट्रेटचे आकडे वाचा, आणि त्यांची एक प्रत शाळेच्या फलकावर लावायला लावा.