सवलत माणसाची, कार्ड केवळ पुरावा



गारखेड्यातील बहुतेक घरांची मुळे कुठल्या ना कुठल्या खेड्यात आहेत. कोणाचे गाव पैठणकडे, कोणाचे सिल्लोडकडे, तर कोणाचे जालन्याच्या पलीकडे. लग्न, पुण्यानुमोदन, आजारपण, शेतीचा वाटा अशा प्रत्येक कामाला मध्यवर्ती बसस्थानक नाहीतर सिडको बसस्थानक गाठून एसटी पकडावी लागते. म्हणून एसटीच्या प्रवासातील सवलत हा आपल्यासाठी घरखर्चाचा विषय आहे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हापासून तर तो अधिकच जिव्हाळ्याचा झाला.

मध्यंतरी आमच्या गल्लीतील एक वयस्क काका आपले जुने स्मार्ट कार्ड घेऊन माझ्याकडे आले. रुमालात जपून बांधलेले ते कार्ड पुढे करीत त्यांनी विचारले, "हे आता फेकून द्यायचे का?" बोलता बोलता कळले, की कार्ड बंद झाल्याचे ऐकल्यापासून ते गावाला जाताना मुकाट्याने पूर्ण तिकीट काढीत होते. सवलत कोणी नाकारली नव्हती. त्यांनी ती मागितलीच नव्हती. कार्ड गेले म्हणजे सवलत गेली, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत करून घेतली होती. ही समजूत आपल्यातील अनेकांची आहे. तिचे निरसन व्हावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हे पक्के ध्यानात घ्यावे, की सवलत शासनाच्या निर्णयाने मिळते. ती तुमच्या वयाला, शिक्षणाला किंवा अपंगत्वाला दिलेली असते. कार्ड हा त्या पात्रतेचा केवळ पुरावा होय. पुरावा बदलू शकतो, आणि तो बदलला म्हणून हक्क बुडत नाही.

आता या बदलाचा क्रम पाहू. २०१९ मध्ये एसटी महामंडळाने सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आणले. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट लागे व त्या वेळी वर्षाला ४,००० किलोमीटरची मर्यादा होती. अशा कार्डात बॅटरी नसते. आत एक लहान चिप आणि तारेचे बारीक वेटोळे असते. कार्ड यंत्राजवळ नेले, की यंत्राच्या रेडिओलहरींतूनच चिपला वीज मिळते व ती आपला क्रमांक सांगते. पण तो क्रमांक ओळखणारे यंत्र आणि त्यामागील संगणकव्यवस्था चालू असेल, तोवरच कार्डाला अर्थ. पुढे एसटीत तिकिटांची नवी ॲन्ड्रॉइड यंत्रे आली, जुनी व्यवस्था मागे पडली आणि जपून ठेवलेले कार्ड नुसता प्लॅस्टिकचा तुकडा झाले.

याच काळात सवलती मात्र वाढल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली विनामूल्य प्रवास मिळू लागला. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत लागू झाली. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड, मतदार ओळखपत्र यांसारखी शासकीय ओळखपत्रे चालू लागली. म्हणजे काकांचे कार्ड निकामी झाले त्या काळात त्यांच्या खिशातले आधार कार्ड तेच काम करू शकत होते.

येथे आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. एका तिकिटावर सवलत एकच मिळते. सत्तर वर्षांच्या आजीला महिला म्हणून अर्धे आणि ज्येष्ठ म्हणून पुन्हा अर्धे, असे होत नाही. समजा भाडे ३०० रुपये आहे. तिला १५० रुपये पडतील. तिने ७५ वर्षे पूर्ण केल्यावर मात्र शून्य रुपयांचे तिकीट मिळते, आणि तेही मागून घ्यावे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. आपल्या शहरातील शहर बसचा कारभार वेगळा आहे. तेथे एसटीचा नियम गृहीत धरू नये.

ओळखपत्र दाखवण्याच्या पद्धतीनंतरचा टप्पा म्हणजे नव्या धर्तीचे कार्ड. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचा प्रारंभ झाला. हे रुपे पद्धतीचे कार्ड असून एकच कार्ड मेट्रो, बस व दुकान अशा वेगवेगळ्या ठिकाणी चालावे, हा त्यामागील हेतू. त्याच्या चिपमध्ये थोडी रक्कम ठेवता येते, तसेच एखाद्या वाहतूक संस्थेचा पास किंवा सवलत नोंदवण्यासाठी जागा असते. अशा कार्डाची सक्ती कोणत्या गटाला आणि कोणत्या तारखेपासून, हे चहाच्या टपरीवर ऐकू नये, आगाराच्या सूचना फलकावर स्वतः वाचावे किंवा चौकशी खिडकीवर विचारावे.

जुन्या पुराव्याकडून नव्या पुराव्याकडे जाताना पुढील काळजी घ्यावी.

१. आपण कोणत्या सवलतीत बसतो, हे आधी ठरवावे. ज्येष्ठ, अमृत ज्येष्ठ, महिला, विद्यार्थी, दिव्यांग या प्रत्येकाचे कागद वेगळे असतात.

२. आधारवरील जन्मतारीख तपासावी. खरी अडचण येथेच आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या जन्माची नोंद अनेकदा झालीच नाही. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिली, नाहीतर कोणी अंदाजाने साल सांगितले. काहींच्या आधारवर फक्त जन्मवर्ष असते. जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते, तेव्हा योग्य कागद हाती आल्याशिवाय घाई करू नये.

३. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक चालू आहे का, हे पाहावे. मुलाने सिम बदलले आणि वडिलांचा ओटीपी भलत्याच्याच फोनवर गेला, असे होऊ शकते.

४. विटा, सिमेंट आणि यंत्रांवर जन्म काढलेल्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात व ठसा जुळत नाही. त्यांनी आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्यावेत.

५. जुने कार्ड व जुन्या पावत्या नवे कार्ड हाती येईपर्यंत टाकू नयेत. जुन्यात रक्कम शिल्लक असल्यास तिची आगारात विचारणा करावी.

६. अर्ज आगारात किंवा अधिकृत केंद्रावरच द्यावा व पावती घ्यावी. फोनवरून ओटीपी मागणाऱ्याला तो कदापि सांगू नये.

७. खिडकी सोडण्यापूर्वी नव्या कार्डावरील नाव, जन्मतारीख आणि सवलतीचा प्रकार वाचून घ्यावा. पहिल्या काही प्रवासांत मूळ ओळखपत्रही जवळ ठेवावे व तिकिटावर छापलेली रक्कम पाहावी.

८. चिपमधील रक्कम रोख पैशासारखी असते. कार्ड हरवल्यास ती परत मिळेलच असे नाही. म्हणून लागेल तेवढीच भरावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचाही यात वाटा आहे. एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा केवळ एक तृतीयांश भरावा लागतो. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत मिळतो. शाळा-महाविद्यालयातच पास पोहोचवण्याची मोहीमही एसटीने हाती घेतली. खेड्यातून येणाऱ्या आपल्या मावसबहिणीला, चुलतभावाला हे ठाऊक आहे का, एवढे जरूर विचारा. पासाअभावी मुलीची शाळा सुटणे ही फार महागात पडणारी बचत आहे.

संस्थेच्या सभासदांना एक सूचना करावीशी वाटते. वर्षातून दोन रविवार संस्थेच्या सभागृहात एक टेबल मांडावे. दोन-तीन विद्यार्थ्यांनी ज्येष्ठांचे आधार, मोबाईल क्रमांक आणि सवलतीचा प्रकार तपासून द्यावा, आगाराच्या फलकावरील नवी सूचना मोठ्या अक्षरांत लिहून लावावी. यास निधी लागत नाही, वेळ तेवढा लागतो.

त्या काकांचे आधार आम्ही पाहिले. जन्मवर्ष १९४८ होते, म्हणजे ज्या वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेच साल. पंचाहत्तरी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. अर्धे तिकीट तर दूरच, त्यांना तिकिटाचे पैसे द्यावेच लागणार नव्हते. ते ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आता बहिणीकडे दर महिन्याला जाता येईल." जुने कार्ड त्यांनी पुन्हा रुमालात बांधले आणि त्याच्याशेजारी आधार ठेवले.