निवेदनात हरवलेला ओडिन

मॅनोवार या अमेरिकी हेवी मेटल बँडकडे साधेपणा कुणी कधी मागितला नाही. जॉय डिमायो बास वाजवतो तोच मुख्य गिटारच्या थाटात, आणि एरिक अ‍ॅडम्सचा आवाज रणशिंगाच्या तोडीचा. त्यामुळे २००७ साली त्यांनी ‘गॉड्स ऑफ वॉर’ हा अख्खा अल्बम नॉर्स देव ओडिनला वाहिला, तेव्हा अपेक्षा फार मोठ्या होत्या.

सोळा ट्रॅक, सत्तर मिनिटांहून अधिक काळ. त्यातले सातेक ट्रॅक निव्वळ वाद्यवृंद, समूहगान नाहीतर भारदस्त निवेदनाचे. कीर्तनाचा पूर्वरंगच लांबत जावा आणि आख्यानाला वेळ उरू नये, तसं हे झालं आहे. ‘किंग ऑफ किंग्ज’ किंवा ‘सन्स ऑफ ओडिन’ सुरू झालं की अंगात वीज खेळते, पण लगेच पुन्हा कुणीतरी बोलू लागतं. निवेदन या बँडला नवं नाही. १९८२ च्या पहिल्याच अल्बममध्ये ‘डार्क अ‍ॅव्हेंजर’साठी ऑर्सन वेल्स यांचा आवाज होता. तिथे मात्र तो गाण्याच्या पोटात येतो आणि गिटारला वाट देऊन बाजूला होतो.

मला जास्त खटकतं ते ओडिनचं झालेलं नुकसान. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या काव्यांतला ओडिन हा काही नुसता विजयी सेनापती नाही. शहाणपणासाठी त्याने मीमिरच्या विहिरीपाशी एक डोळा दिला. रून या गूढ अक्षरांचं ज्ञान मिळावं म्हणून तो नऊ रात्री झाडाला लटकला. अखेरच्या युद्धात फेनरिर लांडगा आपल्याला गिळणार हे ठाऊक असूनही तो वीर गोळा करत राहतो. मूळ काव्यात हे सारं मोजक्या ओळींत येतं, म्हणूनच ते भिववतं. अल्बममध्ये याच गोष्टी सांगितल्या जातात, पण वाजत नाहीत. नॉर्स कथांतल्या कपटी लोकीला तर थेट अग्निदेव करून टाकलं आहे. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याच्या कथेत आग म्हणजे लोगी, आणि लोकी खाण्याच्या शर्यतीत त्याच्याकडून हरतो! दोघांना एक करणारी कल्पना जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेरांनी रुजवली, आणि डिमायो वॅग्नरचा भक्त आहे.

स्वीडनच्या बाथरी या बँडने १९९० च्या ‘हॅमरहार्ट’मध्ये हाच प्रदेश संथ, जड रिफ्सनी उभा केला होता. त्यांचा गायक क्वॉर्थन याचा गळा अ‍ॅडम्सच्या पासंगालाही पुरणारा नाही, तरी त्याच्या गाण्यात समुद्राचा वारा लागतो. मॅनोवारचीच नॉर्स बाजू ऐकायची असेल तर १९८४ चा ‘साइन ऑफ द हॅमर’ घ्यावा. त्यातला थॉर प्रस्तावनेविना, सरळ गिटारवर स्वार होऊन येतो.