रंकाळ्याला भरती का येत नाही, आणि चंद्र दूर का चाललाय

परवा एम.एस्सी.च्या मुलांशी बोलत होतो. मूळची अलिबागकडची एक मुलगी म्हणाली, "दादा, आमच्याकडे तिथीला पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ सांगतात. मग रंकाळ्याला भरती का येत नाही?" मला प्रश्न फार आवडला. माझ्या विषयाचं निम्मं सार त्यात आहे.

आधी पाऊणपट. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे याच हिशेबाने निघतात. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पण तेव्हा भांग असते, पाणी फारसं उतरत नाही, हेही तिथल्या लोकांना ठाऊक असतं. (मुंबई-अलिबागचं हे गणित मालवणला जसंच्या तसं लावू नका, तिथं भरती थोडी आधी येते.) खरं तर 24 तास भागिले 30 तिथी म्हणजे तिथीमागे 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45. दर तिथीला तीन मिनिटं चुकतात आणि पौर्णिमेपर्यंत चूक पाऊण तासाची होते. तिथं 12 यायला हवेत, तर सव्वाअकरा येतात. छोटी चूक साचत जाते, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता रंकाळा. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे शाळेतलं उत्तर अर्धवट आहे. चंद्र तर सगळंच ओढतो, तुम्हालाही आणि रंकाळ्याच्या काठालाही. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते, पलीकडची कमी. पृथ्वीचा व्यास 12,700 किलोमीटर असल्यामुळे हा फरक जाणवतो. एक किलोमीटर रुंदीचं तळं घेतलं, तर दोन काठांच्या पातळीतला फरक एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतो. रंकाळ्यावरच्या वाऱ्याची झुळूकसुद्धा त्याहून जास्त करते. हा फरक अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, वर्गाच्या नव्हे. म्हणून सूर्य एवढा अवजड असूनही त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून कमी.

आता कक्षेकडे येऊ. पृथ्वी 24 तासांत फिरते, चंद्राला एका फेरीला 27 दिवस लागतात. घर्षणामुळे पाण्याचा फुगवटा बरोबर चंद्राखाली राहत नाही. पृथ्वी त्याला थोडा पुढे नेते. पुढे गेलेला फुगवटा चंद्राला पुढच्या दिशेने ओढतो आणि चंद्र फुगवट्याला मागे ओढतो. पृथ्वीचं फिरणं मंदावतं, चंद्राची कक्षा मोठी होते. कोनीय संवेग एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, एकूण बेरीज तीच. (खरा समुद्र असा गोंडस फुगवटा करत नाही. खंड मध्ये येतात, लाटा खोऱ्यांत फिरत राहतात. पण संवेगाचा हिशेब तरीही हाच.)

हे मोजलेलं आहे. 1969 पासून अपोलोच्या यात्रींनी चंद्रावर परावर्तक ठेवले. इथून लेसर सोडला की अडीच सेकंदांत परत येतो. चंद्र वर्षाला 3.8 सेंटीमीटर दूर जातोय. आपल्या विक्रम लँडरवरही नासाचा छोटा परावर्तक आहे. 12 डिसेंबर 2023 ला चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने त्यावर लेसर मारून उत्तर मिळवलं. पृथ्वीवरून मोजायला मात्र तो फार लहान आहे.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी सेमिनारमध्ये 3,84,400 किलोमीटरला 3.8 सेंटीमीटरने भागलं. उत्तर आलं 1,000 कोटी वर्षं. चंद्राचं वय 450 कोटी, म्हणजे भरपूर वाव आहे, असं मी ठणकावून सांगितलं. गाईडनी एवढंच विचारलं, "वेग कायम होता, हे कुणी सांगितलं?"

घरी येऊन मांडलं. फुगवट्याची उंची अंतराच्या तिसऱ्या घाताने कमी होते. फुगवटा चंद्राला जो पीळ देतो, त्यात आणखी तीन घात येतात, म्हणजे सहा. चंद्राचा संवेग अंतराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून अर्धा घात परत मिळतो. दूर जाण्याचा वेग अंतराच्या साडेपाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात! अंतर निम्मं असताना चंद्र आजच्या 45 पट वेगाने पळत होता. समाकलन केलं की माझ्या 1,000 कोटींना 2/13 ने गुणावं लागतं. उत्तर 150 कोटींच्या जरा वर.

मी हादरलोच. चुकीच्या गणिताचं उत्तर निदान शक्य होतं. सुधारलेल्या गणितानुसार चंद्र 150 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीला चिकटलेला हवा. चंद्रावरून आणलेले खडक तर त्याच्या दुप्पट-तिप्पट जुने आहेत.

घात बरोबर होता. चुकलं होतं घर्षण कायम धरणं. 1879 च्या सुमारास जॉर्ज डार्विनने (हो, त्या डार्विनचा मुलगा) हा सिद्धांत मांडला, तेव्हा घर्षण पृथ्वीच्या पोटात होतं असं मानलं होतं. पुढे 1919 मध्ये जी. आय. टेलरने आयरिश समुद्राचा हिशेब मांडून दाखवलं की उथळ समुद्रांत प्रचंड ऊर्जा खर्ची पडते. आपल्या किनाऱ्यावर बघा ना. गोव्याला भरती-ओहोटीतला फरक दोनेक मीटर, मुंबईला उधाणात चार-पाच, आणि खंभातच्या आखातात दहाच्या घरात. चंद्र तोच, फक्त तळ उथळ आणि तोंड निमुळतं. म्हणजे चंद्राची कक्षा किती वेगाने वाढणार, हे इथल्या किनाऱ्यांच्या आकारावरही ठरतं. आजचे महासागर, विशेषतः अटलांटिक, भरतीच्या लयीशी जवळजवळ जुळणारे आहेत. झोक्याला योग्य वेळी धक्का द्यावा तसं. खंड सरकण्याआधी ही जुळणी नव्हती, घर्षण कमी होतं, चंद्र सावकाश सरकत होता. आजचा 3.8 हा आकडा सरासरीपेक्षा मोठा आहे.

याला स्वतंत्र साक्षीदारही आहे. 1963 मध्ये जॉन वेल्सने सुमारे 38 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रोजच्या बारीक रेषा मोजल्या. वर्षाला साधारण 400 भरल्या. वर्षाची लांबी जवळपास तीच धरली, तर दिवस 22 तासांचा.

मंगळावर उलटा प्रकार दिसतो. फोबॉस साडेसात-पावणेआठ तासांत फेरी मारतो, मंगळ त्यापेक्षा हळू फिरतो. फुगवटा मागे पडतो, फोबॉसला मागे खेचतो, आणि तो खाली येत चाललाय. तीन ते पाच कोटी वर्षांत तो तुटेल किंवा आदळेल. डायमॉस मात्र हळूहळू बाहेर सरकतो. दोघांच्या मध्ये कुठेतरी सीमा आहे, जिथं फेरीचा काळ आणि मंगळाचं फिरणं सारखं. मंगळ 24 तास 37 मिनिटांत फिरतो, फोबॉसचं केंद्रापासूनचं अंतर 9,400 किलोमीटर आणि फेरी 7 तास 39 मिनिटांची. केप्लरचा तिसरा नियम लावून सीमा काढा. 20,400 किलोमीटरच्या आसपास उत्तर आलं, तर डायमॉसच्या 23,500 शी ताडून बघा. नाही आलं तर कमेंटमध्ये तुमची पायरी न् पायरी लिहा, कुठे घसरलात ते मिळून शोधू.